मामीचं सहावं सड

मला राग चटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं मी डुकरिणींची बाळंतपणं करते आहे. पशुसंशोधन केंद्रातलं विण्याचं दालन माझ्या ताब्यात आहे, आणि या कामात ज्याला राग येत नाही त्याचं कामात लक्ष नसतं असं माझं मत आहे. पाण्याची नळी कुणी तशीच वाहती टाकली, बूट औषधाच्या पाण्यात न बुडवता कुणी आत पाऊल टाकलं, की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. केंद्राचे संचालकसुद्धा दाराशी आले की आधी माझ्याकडे बघतात आणि मग पाय उचलतात. सगळे मला मावशी म्हणतात. खरी मावशी मी एकीचीच आहे, मुंगीची.

मुंगी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण बाळंतपणातच गेली. मुंगीच्या वडलांनी वर्षभरात दुसरा संसार मांडला. त्याबद्दल मी त्यांना वीस वर्षं शिव्या दिल्या, आता कंटाळा आला. मला मूल नव्हतं. 'माय मरो पण मावशी जगो' असं लोक म्हणतात. म्हणायला काय जातं त्यांचं? मी तिला बाटलीच्या दुधावर वाढवली. रजा संपली तेव्हा सरळ कामावर घेऊन आले आणि पिल्लांना ऊब द्यायला जो लाल दिवा असतो त्याच्या शेजारी एका खोक्यात निजवली. पिल्लं चोखायला लागली की हीसुद्धा झोपेत ओठ हलवायची.

आता तीच मुंगी याच केंद्रात पीएचडी करते आहे. विषय तोच, दूध. म्हणजे डुकरिणीच्या कासेत दूध कसं तयार होतं, रक्तातला माल दुधात कसा उतरतो, आणि त्यासाठी कुठली जनुकं कधी जागी होतात. तिने मला हे एकदा जेवताना समजावलं. रक्त कासेपर्यंत सगळं आणून पोचवतं, साखर, क्षार, प्रथिनांचे सुटे तुकडे. पण कासेतल्या पेशीला भिंत असते. आत जायचं तर दार पाहिजे, आणि प्रत्येक मालाचं दार वेगळं. कुठलं दार कसं बनवायचं हे जनुकांत लिहिलेलं असतं. लिहिलेलं सगळ्याच पेशींत असतं, पण सगळीकडे ते वाचलं जात नाही. जिथे वाचलं जातं तिथे त्याच्या चिठ्ठ्या निघतात, आणि चिठ्ठ्यांबरहुकूम दारं बनतात. मुंगी त्या चिठ्ठ्या मोजायची. पिल्लाचं तोंड लागलं की चिठ्ठ्या भराभर निघतात, नाही लागलं की बंद पडतात, म्हणाली.

मी म्हटलं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे माझ्या आजीला शाळेचं तोंड न बघता ठाऊक होतं. त्यासाठी पाच वर्षं कशाला पाहिजेत?

ती म्हणाली, "आजीला ठाऊक होतं. किती, ते ठाऊक नव्हतं."

यावर मी तिचं म्हणणं मानलं. असं फार वेळा होत नाही.

तिचा प्रयोग असा होता. आठ डुकरिणी, प्रत्येकीखाली बरोबर दहा पिल्लं; कमी असली तर दुसरीची आणायची, जास्त असली तर दुसरीकडे द्यायची. व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकीचं एक सड चिकटपट्टीने बंद करायचं. दहाव्या दिवशी जागा बधिर करून, बंद सडाच्या वरून आणि शेजारच्या चालू सडाच्या वरून, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा जाड सुईने काढायचा आणि तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा. चिठ्ठ्या फार नाजूक असतात, हाताच्या घामानेही विरघळतात. मग दोन तुकड्यांची तुलना. बंद सडात चिठ्ठ्या झोपलेल्या, चालू सडात जाग्या, अशी अपेक्षा.

सडं मोजायचं काम माझं. नुसती मोजायची नसतात. विण्याच्या वेळी एकेक सड बोटांत धरून दाबायचं, चीक आला की चालू, नाही आला की आंधळं. आंधळं सड दिसायला इतरांसारखंच असतं, पण त्यात थेंब नसतो. एकतीस वर्षांत माझा आकडा चुकलेला नव्हता. मावशीचं मोजणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मुंगीचे सरच म्हणायचे.

चौदा नंबरची डुकरीण ही आठांतली शेवटची. नंबरांना नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे, पण मी तिला मामी म्हणायचे. माझी मामी अशीच होती, अंगाने भरलेली, जेवायला बसली की जगाची पर्वा नसलेली, आणि मनाने लोणी. मामी व्याली त्या दिवशी सकाळी मुंगीला पत्र आलं होतं. दूरच्या एका विद्यापीठात नोकरीसाठी तिची निवड झाली होती. अट एकच, प्रबंध वर्षाखेरीच्या आत सादर व्हायला हवा. ती दालनात नाचत आली. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला, चांगलं झालं म्हटलं, आणि परत मामीकडे वळले. माझे हात काम करत होते पण मी तिथे नव्हते. घरात एक ताट वाढायचं कसं, एवढंच डोक्यात घोळत होतं. वरून बारा सडं दिसली. मी वहीत लिहिलं, बारा, सगळी चालू. एकही दाबून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला सहाव्या सडावर पट्टी बसली. बारातून एक गेलं, अकरा उरली, दहा पिल्लांना पुरून उरतील असा हिशेब.

डुकराच्या पिल्लाचं एक असतं. जन्मल्यावर धक्काबुक्की करून ते आपलं सड ठरवतं आणि मग ते सोडत नाही. सहावं सड ज्याने धरलं होतं ते सगळ्यांत शेवटी जन्मलेलं, वितीएवढं पिल्लू. शेंडेफळ म्हणायचे मी त्याला. पट्टी बसल्यावर त्याने दुसरं सड शोधायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी गेले तर ते पट्टीच चाटत उभं. मामीने घुर् घुर् करून हाक दिली, हाकेचा वेग वाढला, पान्हा सुटला. पान्हा उणापुरा वीस सेकंदांचा असतो, मग तासभर नाही. नऊ पिल्लं चटचट प्यायली. शेंडेफळ रिकाम्या दोन सडांवर एकामागून एक तोंड मारून परत पट्टीपाशी आलं. मी वाकून ती दोन सडं दाबली. दोन्ही आंधळी.

म्हणजे सडं नऊच होती, पिल्लं दहा. आता सांगितलं असतं तर मामी प्रयोगातून बाद झाली असती. आठाच्या सात झाल्या की सर मान्य करणार नाहीत, पुढची डुकरीण विणार चार महिन्यांनी, पुढचे तपास, आकडे, लिहिणं, म्हणजे वर्षअखेर हुकली. मुंगीची नोकरी माझ्या एका न दाबलेल्या सडापायी जाणार. आणि खरं बोलायचं तर काळ्या दगडावरची रेघ पुसली जाईल हेही मनात होतं. शेंडेफळाला उचलून दुसऱ्या डुकरिणीकडे दिलं असतं तरी एक का कमी हे सांगावं लागलंच असतं. मी खिशातली कात्री काढली आणि पट्टीला मधोमध फट पाडली. वरून काही कळत नव्हतं. शेंडेफळाने नाक खुपसलं आणि पुढच्या पान्ह्याला ते प्यायलं. सात दिवस ते असंच प्यालं. नमुने घ्यायच्या आदल्या संध्याकाळी मी नवी पट्टी लावली, आणि शेंडेफळाला रात्रीपुरतं बाटलीने पाजलं.

नमुने घेताना मी मामीचा कान खाजवत उभी होते. मुंगीने सहाव्या सडावरचा तुकडा काढला, नळीत टाकला, धूर निघाला. तिचे हात अगदी स्थिर होते. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी स्वतःची शिसारीही आली.

पुढे दीड महिना काही झालं नाही. मला वाटलं, आठातला एक आकडा इकडेतिकडे, कोण बघतंय. मग एका दुपारी ती बूट न बुडवताच आत आली. मी ओरडायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा बघून मिटलं. सातजणींची बंद सडं झोपलेली होती. मामीचं जागं होतं. सगळ्या दारांच्या चिठ्ठ्या भरपूर, जवळजवळ चालू सडाइतक्या. तिने तीनदा तपासलं होतं. सरांनीही बघितलं होतं आणि ते खुर्चीतून उठले होते म्हणे. आता यावर एक वेगळं प्रकरण लिहायचं, परिषदेत मांडायचं, नव्या विद्यापीठातलं पहिलं भाषणही यावरच द्यायचं.

"मावशी, तिला पिल्लू नव्हतं गं त्या जागी," ती म्हणाली. "तरी तिने दारं उघडी ठेवली. कुणी येईल म्हणून." आणि मग माझ्या कळकट बाहीला धरून म्हणाली, "अगदी तुझ्यासारखी."

जन्मात कुणी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. आणि ते खोटं होतं.

ते कौतुक मी चार दिवस जवळ बाळगलं. हे कबूल करायला सगळ्यांत जास्त लाज वाटते. नोकरीचं निमित्त होतं, प्रबंधाचं होतं, पण खरं म्हणजे 'तुझ्यासारखी' हे शब्द मला सोडवत नव्हते. पाचव्या दिवशी ती जेवताना भाषणाची पहिली वाक्यं म्हणून दाखवू लागली. शंभर शहाण्या लोकांसमोर ही पोर उभी राहणार आणि माझ्या कात्रीने पाडलेली फट त्यांना शोध म्हणून सांगणार. उद्या कुणी पुन्हा करून बघितलं आणि तसं निघालं नाही, तर खोटारडी ती ठरणार. मी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गमबूट काढून तिच्या प्रयोगशाळेत गेले. मी तिथे कधी जात नाही, माझ्या अंगाला दालनाचा वास असतो. ती संगणकावर आलेखाला रंग देत होती. मी बसले नाही.

"सहाव्या सडाला शेंडेफळ पीत होतं," मी म्हटलं. "पट्टीला फट मी पाडली."

तिने रंग देणं थांबवलं. वळून बघितलं नाही. तिने विचारलं, का. मी म्हटलं, उपाशी होतं म्हणून. ती वळली. तिचा चेहरा मऊ झाला होता. तिला वाटलं असणार, ही आपली मावशी, हिला कुणाची भूक बघवत नाही. तेवढ्यावर निभावलं असतं. दयेची चूक लोक माफ करतात, वर पाठही थोपटतात.

पण ती पोर मीच वाढवलेली आहे, आणि डोक्याने माझ्यापेक्षा तल्लख. तिच्या कपाळाला आठी पडली.

"उपाशी का होतं? अकरा सडं मोकळी होती."

"नऊ होती. दोन आंधळी. मी दाबून बघितलीच नाहीत."

"तू?"

"पत्र आलं होतं ना तुझं त्या दिवशी. माझं लक्ष नव्हतं. नंतर कळलं, पण सांगितलं नाही. तुझी नोकरी जाईल म्हणून, आणि माझं नाव जाईल म्हणूनसुद्धा."

तिने वजनांची वही ओढली. पानं उलटली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत लहान पिल्लाचं वजन घटलेलं होतं, सहाव्या दिवशी वाढलेलं. पुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, जागा मिळाली असावी. ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग एवढंच विचारलं, सड किती तास बंद होतं. मी सांगितलं, दुपारी बारा ते सकाळी आठ, वीस तास. तिने ते लिहून घेतलं आणि मला म्हणाली, आता जा.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला यायची, ताट धुऊन ठेवायची, जायची. मी रागावणारी बाई, मला रागाला राग देता येतो. अबोल्याला काय द्यायचं ते मला येत नाही. दालनातही सगळ्यांना नवल वाटत होतं, कारण मी कुणावर ओरडत नव्हते. सरांकडे मी स्वतः गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मामीला प्रयोगातून काढून टाकलं. यापुढे सडं दोघांनी मिळून तपासायची, असा लेखी नियम आला. माझ्यामुळे आलेला नियम भिंतीवर मीच चिकटवला.

नोकरी गेली. मुंगीने त्या विद्यापीठाला सगळं खरं कळवलं, मुदत वाढवून मागितली. त्यांनी फार चांगल्या शब्दांत नाही म्हटलं. ते पत्र तिने मला वाचायला दिलं, न बोलता, आणि मी ते दोनदा वाचलं. मनात काय आलं ते लपवून उपयोग नाही. आधी तिच्यासाठी जीव हळहळला. आणि त्या हळहळीच्या तळाशी, अगदी तळाशी, मला बरं वाटलं. दोन ताटं.

दोन महिन्यांनी, मामीच्या जागी प्रयोगात घेतलेल्या बावीस नंबरचा विण्याचा दिवस आला. दुपारी तिला कळा सुरू झाल्या, चारपर्यंत अकरा पिल्लं झाली, एक शेजारणीकडे दिलं. नियमाप्रमाणे दुसरं माणूस हवं होतं. मुंगी आली. बूट नीट बुडवले. माझ्याशेजारी रबरी चटईवर गुडघे टेकून बसली, आणि आम्ही सडं दाबायला लागलो. एकेक मी दाबायचे, ती बघायची आणि लिहायची. पहिलं चालू, दुसरं चालू. तिसऱ्यापाशी मला राहवलं नाही.

"तू गेली नाहीस याचं मला बरं वाटलं," मी म्हटलं. "ते फट पाडण्याइतकंच वाईट आहे. पण वाटलं."

"माहितीये मला. पत्र वाचताना तुझा चेहरा दिसत होता." ती लिहीत राहिली. "दुसरी जागा निघाली की मी जाणार आहे, मावशी."

मी म्हटलं, जा. आणि ते मी मनापासून म्हटलं, निदान अर्ध्याहून जास्त.

चौथं चालू. पाचवं चालू. मग ती सांगायला लागली, खाली मान घालून, एखादा धडा सांगावा तसं. तिने आणि सरांनी मामीचे आकडे फेकून दिले नव्हते, नुसते बाजूला ठेवले होते. त्याबद्दल इतरांनी केलेलं कामही वाचून काढलं होतं. कुणाचं तोंड लागलं नाही तर सड आपली दारं उघडी ठेवत नाही. कुठलंच नाही ठेवत, मामीचंही नाही. तीन दिवस कुणी आलं नाही तर ते कायमचं मिटतं, पुढे किती चोखलं तरी परत येत नाही. पण एका दिवसाच्या आत कुणी येऊन हट्टाने चोखायला लागलं, तर मिटत आलेलं परत उघडतं, चिठ्ठ्या पुन्हा निघायला लागतात.

"म्हणजे मी तुला चुकीचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू तशी नाहीस."

मी मान हलवली. जे माझं नव्हतंच ते परत द्यायला हरकत नव्हती. तरी डोळे भरून आले आणि हात चिकाने माखलेले, पुसायची सोय नाही. मी सहाव्या सडाला हात घातला. चालू.

तिने लिहिलं नाही. पेन तसंच धरून तिने विचारलं, "मला तुझ्याकडे कधी आणलं होतं?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं, कारण तो दिवस तिच्या आईचाही होता.

"त्याच दिवशी. तू पहाटे झालीस, संध्याकाळी मी तुला घरी आणलं. रडून रडून आवाज बसला होता तुझा. मी म्हटलं, मला नाही जमणार हे. मला यातलं काही येत नाही. तर तू माझं बोट धरून तोंडात घातलंस आणि सोडेनास."

ती मनात तास मोजत असावी. मग माझ्याकडे न बघता, सरळ त्या डुकरिणीच्या कासेकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे मी वेळेवर आले."

मी सातवं सड दोन बोटांत धरलं आणि दाबलं. चीक आला.